शाळेच्या भिंतीतलं फाटक: नियम कुठे घट्ट हवेत, कुठे सैल

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित लेखी रूप)



मला दिलेला विषय असा आहे: सरकारी शाळांत नवं काही घडायचं असेल तर शिक्षणाचे नियम कसे असावेत? विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, हे शिक्षकांच्या बैठकीत बोलायचं, इथे कशाला? आपण या शिबिरात तलाकवर बोलतो, संविधानावर बोलतो, मोहल्ल्यातल्या तणावावर बोलतो. त्यात शाळेचं वेळापत्रक कुठून आलं?

म्हणून दोन आकडे आधी सांगते. सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. त्यात म्हटलं आहे की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलेली नव्हती किंवा मधेच शाळा सुटली होती. त्याच अहवालाने आणखी एक गैरसमज दूर केला. शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. म्हणजे मदरशाविषयी कितीही चर्चा झाली तरी आपली बहुतेक मुलं शिकतात ती साध्या शाळेत आणि गळतात तीही तिथूनच. त्यातल्या गरिबांची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची. मग त्या शाळेत काय चालतं, कोणाच्या परवानगीने चालतं, हा आपलाच प्रश्न झाला.

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं. मोठमोठ्या गोष्टी सांगण्याऐवजी माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगते.

त्यातली बरीच वर्षं एका बाजाराच्या गावी गेली. तिथे एका आवारात दोन शाळा होत्या. रस्त्याकडून मराठी शाळा, मागच्या बाजूला उर्दू शाळा. दोन्ही जिल्हा परिषदेच्याच. मधे छातीइतकी भिंत आणि भिंतीला एक लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. ते कधी लागलं, का लागलं, कुणालाच सांगता यायचं नाही. मी मराठी शाळेत होते. माझ्या वर्गात मुस्लिम मुलंही होती. पण मागच्या शाळेतली मुलं आमच्या मुलांना दिसायची ती फक्त मधल्या सुट्टीत, खिचडी खाताना, भिंतीवरून.

उर्दू शाळेत मराठी हा विषय होता. चौथीतली मुलं मराठीचं पुस्तक खडाखडा वाचायची. जोडाक्षरंसुद्धा यायची. पण ‘काल तू कुठे गेला होतास?’ असं विचारलं की गप्प. घरी आपली ती दखनी, ‘मेरेकू नक्को’वाली. शाळेत पुस्तकातली उर्दू. मराठीचा नंबर तिसरा. त्या वर्गात एक मुलगी होती, आई बांगड्यांची गाडी लावायची. ती पानभर मराठी वाचून दाखवायची, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं. तुम्ही सगळे इथे मराठी बोलता, म्हणून कदाचित जाणवणार नाही. पण उर्दू शाळेतून दहावीपर्यंत पोहोचलेला मुलगा तलाठ्याच्या कार्यालयात अर्ज लिहायला दुसऱ्याला शोधतो, हे मी पाहिलेलं आहे.

माझ्या वर्गाचं दुखणं वेगळं होतं. किलो-ग्रॅमची गणितं पुस्तकातली असली तर बरोबर. पण बाजारात पावशेर म्हणतात ते किती ग्रॅम, दहा रुपयांना वाटा घेतला तर किलोचा भाव काय पडला, असं विचारलं की एकमेकांकडे बघायची.

मागच्या शाळेतले सर एक दिवस म्हणाले, ‘आपा, दोन्ही चौथ्या एकत्र बाजारात नेऊ या का?’ बाजार मंगळवारचा, शाळेपासून पाच मिनिटांवर. आम्ही जोड्या लावल्या. एक मूल माझं, एक त्यांचं. प्रत्येक जोडीला एक कागद आणि वीस रुपये. पाच वस्तूंचे भाव विचारायचे, लिहून आणायचे, वीस रुपयांत काय बसतं ते ठरवून एकच वस्तू घ्यायची. भाव विचारायचा उर्दू शाळेतल्या मुलाने, मराठीत. लिहायचं मराठी शाळेतल्या मुलाने. हिशेब दोघांनी.

ती बांगडीवाल्या बाईंची मुलगी कांद्याच्या ढिगापाशी उभी राहिली. कांदेवाला निघाला तिचा मामा. तो दखनीत बोलायला लागला. तशी ती म्हणाली, ‘मामू, मराठीत बोला ना, बाई बघतायत!’ तिचं मी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य.

वर्गात परत आल्यावर हिशेब झाले. मग मुलांनीच काढलं की घरातलं ‘नक्को’ आणि पुस्तकातलं ‘नको’ एकच आहे. ‘मैच जाती’मधला ‘च’ आणि ‘मीच जाते’मधला ‘च’ एकच आहे. फळ्यावर यादी वाढत गेली. आपल्या घरातल्या बोलीत इतकी मराठी आहे, हे त्या मुलांना तोवर कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि माझ्या मुलांना कळलं की मागच्या शाळेतल्या मुलांची भाषा काही परकी नाही.

तीन-चार मंगळवार असे गेले. मग तपासणी आली.

साहेबांनी विचारलं, ‘आता वेळापत्रकात कोणती तासिका आहे?’ माझ्याकडे परिसर अभ्यास होता. ‘टाचणात बाजार आहे का?’ नव्हता. ‘मागच्या शाळेची मुलं तुमच्या हजेरीपटावर आहेत का? उद्या रस्त्यात एखाद्याला गाडी लागली तर जबाबदार कोण?’ आम्ही दोघंही गप्प. शेरेबहीत शेरा आला: ‘वेळापत्रकानुसार अध्यापन आढळले नाही. मुख्याध्यापकांनी खुलासा सादर करावा.’ खुलासा गेला, बाजार बंद झाला, फाटकाला पुन्हा कुलूप.

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांचा शेवटचा प्रश्न तर अगदी योग्य होता. पण त्यांच्या तपासणीच्या नमुन्यात वेळापत्रक, टाचण, हजेरी असे रकाने होते. ‘मूल काय शिकलं?’ हा रकाना नव्हता. त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.

आता गंमत ऐका. दोन वर्षांनी दुसरे साहेब आले. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली होती. त्यांना ती फार आवडली. त्यांनी शेरा लिहिला, ‘उपक्रम स्तुत्य. सर्व शाळांनी अनुकरण करावे.’ आम्ही खूश. महिनाभरात पत्रक निघालं: बीटमधल्या सर्व शाळांनी दर शनिवारी बाजारभेट घ्यावी, फोटो व अहवाल सादर करावा. आमचा बाजार मंगळवारी! काही वाड्यांवर तर बाजारच भरत नाही. तिथल्या शिक्षकांनी घरून भाजी आणली, वर्गात सतरंजीवर मांडली, फोटो काढला, पाठवला. दिवाळीपर्यंत सगळं थंड.

म्हणजे पहिल्या साहेबांनी तो प्रयोग बंदी घालून मारला. दुसऱ्यांनी सक्ती करून मारला. आज माझं जे म्हणणं आहे ते यात आहे. सरकारी शाळेत नवं काही करायला बंदी जितकी घातक, तितकीच सक्तीही घातक. शिक्षकाला दोन्हींपासून मोकळीक हवी. आणि ती मोकळीक साहेबांच्या स्वभावावर अवलंबून नको, नियमात लिहिलेली हवी.

हे फक्त आमच्या गावात घडलं असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यातून काही शाळांत खरंच बदल झाले. पण मी अशाही शाळा पाहिल्या की जिथे कुमठ्याच्या फरशीवरच्या आकृत्या तेवढ्या उतरवून घेतल्या होत्या. मुलं त्या आकृत्यांवर बसून पूर्वीसारखीच घोकत होती. तिथल्या शिक्षकांनी काय विचार करून त्या आखल्या, तो विचार फरशीवर कसा उमटणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ‘हे नियमात बसत नाही’ हे वाक्य आपण सगळे ऐकतो आणि गप्प बसतो. पण नियम प्रत्यक्ष वाचणारे थोडे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन हवं असं आहे. सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास. नीट पाहा, हिशेब वर्षाच्या तासांचा आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका या कायद्यात कुठेही नाही. ती खालच्या पातळीवर आली आणि आपण तिलाच कायदा समजायला लागलो. कलम 29 म्हणतं की अभ्यासक्रम ठरवताना कृतीतून, शोधातून शिकण्याचा विचार व्हावा, मूल भीतीपासून मोकळं राहावं, आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं. म्हणजे बाजारातला तो तास कायद्याच्या विरोधात नव्हता. तो फक्त टाचणाच्या विरोधात होता! 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांना अध्यापनपद्धती निवडण्याची अधिक स्वायत्तता द्यावी, असं लिहिलेलं आहे. वरच्या कागदावर मोकळीक आहे. ती वर्गापर्यंत येता येता वाटेतल्या पत्रकांमध्ये जिरते.

आणि ही कल्पना काही आजची नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आपल्याला माहीत असते. पण त्याच निवेदनात त्यांनी असंही म्हटलं की खेड्यातल्या शाळेचे विषय शहरातल्या शाळेपेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते तितकेच व्यवहारोपयोगी हवेत. शेतीचा धडा द्यायचा तर प्रत्यक्ष शिकवायला शाळेजवळ छोटी नमुना शेती असावी, असं त्यांनी सुचवलं. शिक्षण सगळ्यांना सक्तीचं, पण ते कसं द्यायचं हे जागा पाहून. घट्ट कुठे आणि सैल कुठे, हे त्या माणसाने तेव्हाच ओळखलं होतं.

आमच्या फाटकाकडे परत येते. आमच्या गावात पुढे मार्ग निघाला तो शाळा व्यवस्थापन समितीतून. या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, असं कलम 21 सांगतं. शाळा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम. प्रत्यक्षात ही समिती म्हणजे बहुतेक ठिकाणी सह्यांचं रजिस्टर. आम्ही ठरवलं की या वेळी आधी समितीसमोर जायचं.

दोन्ही समित्यांची एकत्र बैठक बोलावली. सोपी नव्हती ती. एक जण म्हणाले, ‘आमची मुलं बाजारात पाठवायला शाळेत घातली का?’ मागच्या शाळेतल्या एका पालकांना काळजी की मुलं उर्दू विसरतील. आमच्याकडच्या एकांना वेगळीच काळजी, ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण सगळ्यांना कळली. तेव्हा बांगड्यांची गाडी लावणारी ती आई उठली. ती म्हणाली, ‘मी बाजारात बसते. माझ्याकडे सगळ्यांच्या बायका येतात. मला मराठी बाजारानं शिकवली, शाळेनं नाही. पोरीला दोन्हीकडून मिळू दे.’

ठराव झाला. आठवड्यातून दोन तास दोन्ही चौथ्या एकत्र. प्रत्येक मुलाची हजेरी आपापल्या शाळेत आधीच लावायची. बाजारात जाताना दोन पालक बरोबर. पालकांची लेखी संमती. सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी मुलांची साधी चाचणी: मराठीत बोलणं, वाचणं, वजन-मापांची गणितं. निकाल समितीपुढे. पहिल्या साहेबांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एका पानावर होती. ते पान टाचणाला जोडलं. पुढच्या तपासणीत आलेल्या साहेबांनी ते वाचलं, सही केली आणि पुढच्या वर्गात गेले. कौतुक नाही, हरकत नाही. मला तर तेच सगळ्यात आवडलं!

तीन वर्षं ते चाललं. मग माझी बदली झाली, सरही दुसऱ्या तालुक्यात गेले. नवे शिक्षक आले, समितीची मुदत संपली, आणि एका वर्षात सगळं बंद झालं. मागच्या वर्षी मी त्या गावी लग्नाला गेले होते. फाटकाला कुलूप आहे.

याहून फार मोठ्या पातळीवर हेच मध्य प्रदेशात घडलं आहे. होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं. त्यासाठी वेगळी पुस्तकं, वेगळं साहित्य, आणि परीक्षासुद्धा वेगळी, पुस्तक जवळ ठेवून द्यायची. हे सगळं सरकारने मान्य केलं म्हणून शक्य झालं. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने हे काम सांभाळलं, ते इतर जिल्ह्यांत शेकडो शाळांत पोहोचलं. आणि 2002 मध्ये सरकारने ते बंद केलं. तीस वर्षांचं काम! परवानगीने मिळालेली मोकळीक परवानगी संपली की संपते. ती हक्क म्हणून मिळाली तरच टिकते.

तर मग नियम कसे असावेत? माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. तुम्ही त्यावर वाद घाला.

पहिली गोष्ट. आठवड्यातले काही तास, समजा पाच तास, शाळेच्या हातात असावेत. त्या तासांत काय करायचं हे शिक्षक आणि व्यवस्थापन समिती मिळून ठरवतील. एक पानाचा लेखी आराखडा पुरे. अधिकाऱ्यांना नकार द्यायचा असेल तर त्यांनी ठरावीक दिवसांत, कारणासह, लेखी द्यावा. तोंडी ‘हे करू नका’ चालणार नाही.

दुसरी गोष्ट. शेजारच्या शाळांना एकत्र तास घेता यावेत. कितीतरी गावांत मराठी आणि उर्दू शाळा भिंतीला भिंत लावून आहेत. एका शाळेत विज्ञानाची आवड असलेले शिक्षक आहेत, दुसरीत पाच वर्ग दोन शिक्षकांच्या गळ्यात. पण पट वेगळा, शिक्षकांची मंजुरी वेगळी, म्हणून भिंत ओलांडायची नाही. आपल्या समाजात सलोख्याविषयी व्याख्यानं पुष्कळ होतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून दोन तास एकत्र गणित केलं तर त्या व्याख्यानांची गरज थोडी कमी पडेल, असं माझं मत आहे.

तिसरी गोष्ट, भाषा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लोकांना त्यांचा क्यूआर कोड आठवतो. पण तिथल्या मुलांच्या घरी कन्नड बोलली जात होती, म्हणून त्यांनी मुलांसाठी पाठ्यपुस्तकांतला मजकूर त्यांच्या भाषेत आणला, हे फार कुणी सांगत नाही. दखनी बोलणारं मूल मराठी शाळेत येवो की उर्दू शाळेत, पहिली दोन वर्षं त्याच्या घरच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेकडे नेण्याची मुभा शिक्षकाला हवी. आणि उर्दू शाळेत मराठी आधी बोलण्यातून यावी, नंतर पुस्तकातून. संविधानाचं कलम 350-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलतं. पण सोय म्हणजे त्या भाषेत कोंडून ठेवणं नव्हे.

चौथी गोष्ट. एका शाळेत जमलं म्हणून दुसऱ्या शाळेवर लादू नका. बघायला बोलवा, चर्चा करा, बस. ज्याला हवं तो घेईल आणि स्वतःच्या गावाप्रमाणे बदलेल.

आता सैल काय नको, तेही सांगते, कारण ‘लवचिकता’ हा शब्द फसवा आहे. तो वापरून गरिबांच्या शाळेतून हळूहळू सगळं काढूनही घेता येतं. प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक, हा नियम वाकायला नको. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, हेही नाही. पाणी, मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, प्रशिक्षित शिक्षक, यात तडजोड नाही. ‘पट कमी आहे, म्हणून शिक्षक तात्पुरता चालेल’ याला लवचिकता म्हणत नाहीत. आणि मोकळीक मागणाऱ्या शिक्षकांनीही लक्षात ठेवावं की तिसरीच्या मुलाला वाचता आलं पाहिजे, यालाही सूट नाही.

आपल्या घरातलंही बोलू या. उद्या कुणी म्हणेल, नियम सैल होतायत ना, मग आमच्या वस्तीतल्या शाळेत विज्ञान थोडं कमी करा. मुलींना सातवीनंतर घरूनच परीक्षेला बसू द्या. मोठ्या मुलींना खेळाच्या तासाला सूट द्या. ही लवचिकता आपल्याला नको. रमजानमध्ये उर्दू शाळेची वेळ बदलते, ती बदलावीच, रोजे असणाऱ्या मुलांची सोय होते. वेळ बदलता येते. मुलीचा हक्क बदलता येत नाही. समाजाच्या नावाने कुणी मोकळीक मागितली तर आपण एकच विचारायचं: यातून मुलाला जास्त मिळणार की कमी?

माझी एक चूकही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मोकळीक दिली की सगळं चांगलंच होतं. एका वर्षी मी उत्साहाच्या भरात तीन महिने गणिताचं पुस्तक बाजूला ठेवलं. सगळं खेळातून, वस्तूंमधून. मुलं आनंदात. सहामाहीला पाहिलं तर भागाकार निम्म्या वर्गाला येत नव्हता. मी मधे एकदाही नीट तपासलं नव्हतं. पुढचे दोन महिने सुट्टीच्या दिवशी वर्ग घेऊन ते भरून काढलं. प्रयोग माझा होता, पण नुकसान मुलांचं झालं होतं. म्हणून आधी चाचणी, मधे चाचणी, आणि निकाल पालकांपुढे, यावर मी इतकी अडून बसते. चुकण्याची मुभा हवी, पण चूक लवकर कळण्याची सोयही हवी.

शेवटी, तुम्ही काय करायचं? तुमच्यातले काही जण डी.एल.एड., बी.एड. करताय, तुम्हाला हे उद्या कामाला येईल. बाकीच्यांसाठी सांगते. आपल्या मोहल्ल्यातल्या सरकारी शाळेत एकदा जा. फोटो काढायला किंवा वह्या वाटायला नको, नुसतं जा. मुख्याध्यापकांना विचारा, व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते? समितीत कोण आया आहेत? त्यांना भेटा, कायद्यात त्यांना काय अधिकार आहे ते त्यांच्या भाषेत सांगा. बैठकीचा कागद वाचून दाखवायला, ठराव लिहून द्यायला त्यांच्याजवळ बसा. ज्या शिक्षकाला काही वेगळं करायचं आहे, तो कुठल्याही शाळेत एखादा तरी असतोच. तो एकटा असतो म्हणून भितो. त्याच्यामागे वीस पालकांच्या सह्या असल्या तर नाही भीत.

आणि शाळा उर्दू असेल तर ‘ती आपली शाळा, तिचं आपण बघू’ असं म्हणू नका. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे. तिला मराठी शाळेचे सगळे नियम आणि सगळे हक्क लागू आहेत. खासगी अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

त्या गावी लग्नाला गेले होते तेव्हा बांगडीवाल्या बाई भेटल्या. अजून बाजारात बसतात. म्हणाल्या, ‘बाई, नातू मागच्या शाळेत पहिलीत गेलाय. ते फाटक पुन्हा उघडायचं तर कुणाकडे अर्ज द्यायचा?’ मी त्यांना गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचा पत्ता दिला आणि म्हटलं, आधी समितीत निवडून या. त्यांनी माझ्याकडून अर्जाचा मजकूर लिहून घेतला, मराठीत. सही मात्र स्वतः केली.

अशा आयांना मजकूर लिहून देणारं कुणीतरी गावात हवं. मी आता लांब राहते. तुम्ही जवळ आहात.